वैज्ञानिक रूप आणि अभियांत्रिकी रूप: मूल्य एक, लेखन दोन

पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ज्या वारंवारतांवर निरीक्षणे घेत आली आहे, त्यांपैकी एक 610 मेगाहर्ट्झ आहे. भौतिकशास्त्राच्या वहीत ती 6.1 × 10⁸ हर्ट्झ अशी लिहिली जाते, तर इलेक्ट्रॉनिक्सचा अभियंता तीच 610 × 10⁶ हर्ट्झ अशी लिहितो. दोहोंचे मूल्य एकच असल्याने विद्यार्थी दोन्ही लेखनांना सर्रास वैज्ञानिक रूप म्हणतात; प्रत्यक्षात दुसरे अभियांत्रिकी रूप आहे.

वैज्ञानिक रूपात 10 च्या घाताला गुणणारी धन संख्या 1 किंवा त्याहून मोठी, पण 10 पेक्षा लहान असावी लागते आणि घातांक कोणताही पूर्णांक चालतो. अभियांत्रिकी रूपात घातांकाला 3 ने भाग जावा लागतो, त्यामुळे गुणक 1 पासून 1000 च्या आतपर्यंत कितीही असू शकतो. तीनचे हे बंधन किलो, मेगा, गिगा, मिलि, मायक्रो, नॅनो या उपसर्गांमुळे आले आहे: 5.5 × 10⁻⁷ मीटर ही हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी 550 × 10⁻⁹ अशी लिहिली की ती थेट 550 नॅनोमीटर म्हणून वाचता येते. व्यवहारात हा नियम थोडा सैलही केला जातो. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता नियमाने 1.96 गिगावॅट होते, तरी इतर केंद्रांशी तुलना आणि बेरीज सोपी जावी म्हणून ती 1960 मेगावॅट अशीच सांगितली जाते, आणि ते मला योग्यच वाटते.

खरा फरक मात्र सार्थ अंकांत, म्हणजे मोजमापातून खरोखर ठरलेल्या अंकांत, दिसतो, आणि शिकवताना नेमका तोच घाईत सुटतो. 6.1 × 10⁸ या लेखनात दोन सार्थ अंक आहेत आणि 6.10 × 10⁸ मध्ये तीन, हे पाहताक्षणी कळते. 610 × 10⁶ मधील शेवटचे शून्य मोजलेले आहे की केवळ जागा भरण्यासाठी आले आहे, हे त्या लेखनावरून ठरवता येत नाही.

तुलनेतही असेच घडते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान 9.11 × 10⁻³¹ किलोग्रॅम आणि प्रोटॉनचे 1.67 × 10⁻²⁷ किलोग्रॅम आहे. घातांकांतील 4 चा फरक पाहून प्रोटॉन हजारो पटींनी जड असल्याचा अंदाज येतो, आणि प्रत्यक्ष गुणोत्तर सुमारे 1836 आहे. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान 911 × 10⁻³³ असे लिहिले, तर घातांकांतील फरक 6 होतो आणि केवळ त्यावर विसंबणाऱ्याला गुणोत्तर दहा लाखांच्या घरात असल्याचा भास होतो. म्हणून परिमाणांची तुलना करताना वैज्ञानिक रूपच वापरावे, आणि प्रश्नात ते मागितले असेल तर कॅल्क्युलेटरच्या ईएनजी (अभियांत्रिकी रूपाच्या) कळीने दाखवलेले उत्तर तसेच उतरवू नये.

गुणाकारानंतर मात्र दोन्ही रूपांत गुणक पुन्हा तपासावा लागतो. 47 किलोओहमचा रोधक आणि 47 नॅनोफॅरडचा धारित्र यांचा कालस्थिरांक (रोध आणि धारिता यांचा गुणाकार) काढताना 47 × 10³ आणि 47 × 10⁻⁹ यांचा गुणाकार 2209 × 10⁻⁶ येतो; गुणक हजाराच्या वर गेल्याने तो 2.209 × 10⁻³ सेकंद असा लिहावा लागतो, आणि दिलेली मूल्ये दोनच सार्थ अंकांची असल्यास उत्तर 2.2 मिलिसेकंद एवढेच द्यावे.