तेहतीस शेक आणि एक फॉर्म : किरणोपचारातल्या समाधानाची पार्श्वभूमी

रेडिओथेरपी, म्हणजे कॅन्सरवरचे किरणोपचार, हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी. नाशिकच्या प्रतीक्षागृहात बसलेली माणसं 'शेक' म्हणतात, काही जण 'लाईट'. 'तुमचे किती शेक झाले?' या प्रश्नाने तिथे ओळखी होतात. माझ्या मावशीचे तेहतीस होते, घशासाठी. दिंडोरी तालुक्यातलं घर बंद करून ती सात आठवड्यांहून जास्त आमच्याकडे राहिली, आणि मी रोज तिच्यासोबत जायचे.

शेवटच्या दिवशी काउंटरवरून एक फॉर्म मिळाला. स्वच्छता, वागणूक, माहिती, वेळ, आणि प्रत्येकापुढे 'अतिशय समाधानी'पासून 'असमाधानी'पर्यंत पाच चौकोन. मावशीला विचारलं तर म्हणाली, "सगळ्याला चांगलंच लिही बाई. पोरी मायेच्या होत्या." मी तसं लिहिलं. मधल्या काळात मशीन तीन दिवस बंद होतं आणि ते आम्हाला दारात गेल्यावर कळलं होतं, तरीही लिहिलं. मावशी खोटं बोलत नव्हती, पण तो फॉर्म खरा नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

मुळात हा उपचार रोज का घ्यावा लागतो, इथूनच सुरुवात करू, कारण रुग्णाच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या 'रोज'मध्ये आहे. रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते गाठींवर वापरून पाहायला सुरुवात केली. सुरुवातीला एकाच वेळी मोठा मारा करण्याकडे कल होता. गाठ जळायची, सोबत कातडी आणि आतलं चांगलं मांसही जळायचं. पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याच्या वृषणातल्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी एका माऱ्यात मारायच्या तर वरची कातडी सोलून निघायची. तोच मारा थोडाथोडा विभागून दिला तर पेशी मरायच्या आणि कातडी तगायची. त्यांच्याच संस्थेतले आंरी कुतार यांनी हे तत्त्व घशाच्या कॅन्सरला लावलं आणि १९२२ मध्ये आपले रुग्ण जगापुढे मांडले. मावशीचे तेहतीस शेक, सोमवार ते शुक्रवार, हे त्या पॅरिसच्या वेळापत्रकाचे वंशज. चांगल्या पेशींना रात्रभरात सावरायला वेळ द्यायचा, हा त्यामागचा हिशेब. तो आजही बरोबर आहे. पण त्यात रुग्णाच्या गावापासून दवाखान्यापर्यंतचं अंतर धरलेलं नाही.

आपल्याकडे हे अंतर अनेक वर्षं मुंबईइतकं होतं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं, आणि उत्तर महाराष्ट्रात 'टाटाला नेलं' म्हणजे कॅन्सर, इतकं हे समीकरण घट्ट झालं. नाशिकहून मुंबई सुमारे १७० किलोमीटर. तपासणीपुरतं सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतता येतं; पंचवटी एक्स्प्रेसच्या डब्यात हातात फाइल धरून बसलेली माणसं नाशिकरोडला चढणाऱ्या कुणालाही अनोळखी नाहीत. पण शेक सुरू झाले की रोज ये-जा अशक्य. मग सहा-सात आठवडे मुंबईत राहायचं कुठे? दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, कुणाचे तरी चाळीतले नातेवाईक, आणि यातलं काहीच जमलं नाही तर फुटपाथ. गाडगेबाबांची धर्मशाळा आमच्या नाशकात गोदाकाठीही आहे, यात्रेकरूंसाठी. दादरच्या धर्मशाळेत पथारी टाकणारे यात्रेकरू वेगळ्याच वाटेचे.

माझ्या आजोबांना, म्हणजे मावशीच्या वडिलांना, ऐंशीच्या दशकात असंच नेलं होतं. घरात त्या दिवसांबद्दल बोललं जातं तेव्हा मशीनचा उल्लेखही येत नाही. आजी सांगायची ते स्टोव्हवरच्या पातळ भाताचं, ओळखदेख नसलेल्या एका बाईने दिलेल्या दुधाचं, आणि शेत कुणाच्या भरवशावर सोडलं त्याचं. त्या पिढीला कुणी 'समाधानी आहात का' असं विचारलंच नाही. विचारलं असतं तर तिने हात जोडले असते.

त्या काळचं मशीन कोबाल्टचं, म्हणजे किरणोत्सारी धातूतून निघणाऱ्या किरणांचं. जगात पहिला रुग्ण कोबाल्ट-६० खाली झोपला तो १९५१ मध्ये, कॅनडात. स्वस्त, दणकट, वीज कमी-जास्त झाली तरी फारसं न अडणारं, म्हणून भारतात ते रुजलं. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाचं देशी कोबाल्ट मशीनही बनवलं. कोबाल्टची एक खोड मात्र थेट रुग्णाच्या अंगावर येते. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, सव्वापाच वर्षांच्या आसपास; दर महिन्याला ती सुमारे एक टक्क्याने घटते. नवा स्रोत असताना जो शेक दोन मिनिटांत व्हायचा, त्याला सव्वापाच वर्षांनी चार मिनिटं लागतात. एका रुग्णाला दोन मिनिटं काही नाहीत. दिवसाला साठ-सत्तर रुग्ण असतील तर शेवटच्या माणसाचा नंबर दोन तासांनी पुढे सरकतो, आणि तो माणूस बहुधा लांबच्या गावचा असतो. बाहेर बाकावर बसलेल्याला हे कारण कुणी सांगत नाही. त्याला वाटतं, कर्मचारी ढिले पडलेत.

लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरने, बोलीत लिनॅकने, ही अडचण सोडवली आणि नवी आणली. किरण विजेवर तयार होतात, त्यामुळे स्रोत म्हातारा होत नाही, नेम अचूक बसतो, लाळग्रंथी, मणका, डोळा वाचवता येतात. पण नेम अचूक हवा तर आधी नियोजन हवं. सीटी काढायचा, गाठीची आणि आसपासच्या अवयवांची रेघ न् रेघ आखायची, भौतिकशास्त्रज्ञांनी मात्रेचा हिशेब करायचा, तपासायचा. यात दिवस जातात. घरच्यांना वाटतं, गाठ वाढतेय आणि हे नुसते फोटो काढतायत. मावशीचा मुखवटा केला तो दिवस मला चांगला आठवतो. प्लॅस्टिकची जाळीदार पांढरी शीट गरम पाण्यात बुडवली, ती पापडाच्या लाटीसारखी लिबलिबीत झाली, मग दोघींनी दोन बाजूंनी धरून मावशीच्या चेहऱ्यावर ओढली आणि टेबलाला अडकवली. काही मिनिटांत ती टणक झाली. मावशीला श्वास घेता येत होता, पण डोळे उघडता येत नव्हते. कुणी आधी दोन वाक्यं बोललं असतं तर तिने माझा हात इतका घट्ट धरला नसता. शेक सुरू झाले तेव्हापासून मात्र ते देणाऱ्या मुली रोज आधी बोलायच्या: "मावशी, आता मास्क लावतेय हां. पाच मिनिटं. मी इथेच काचेपलीकडे आहे." तिने फॉर्मवर ज्यांना मार्क दिले, त्या या मुली.

महाराष्ट्रात पैशाची बाजू गेल्या दशकात बदलली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि २०१३ मध्ये राज्यभर सुरू झाली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. किरणोपचार तिच्यात बसतात. मशीनंही जवळ आली. नाशिक शहरात खासगी कॅन्सर केंद्रं उभी राहिली, शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात कॅन्सर विभाग आला. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसंही आता मुंबईऐवजी नाशकात उतरतात. हा बदल मला फार मोठा वाटतो, आणि 'अतिशय समाधानी' या चौकोनातली निम्मी खूण त्याची आहे. मावशी आपल्या उपचाराची तुलना चांगल्या उपचाराशी करत नव्हती. ती करत होती ती तिच्या वडिलांच्या दादरच्या पथारीशी.

आता त्या फॉर्मचा वंश पाहू. वैद्यकीय सेवेचा दर्जा कसा मोजायचा, याची मांडणी अमेरिकेतले डॉक्टर अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये केली: साधनं काय आहेत, काम कसं होतं, आणि निष्पन्न काय झालं. रुग्णाचं समाधान हाही निष्पन्नाचा भाग, हे त्यांच्या विचारातून रुजलं. भारतात रुग्णाला विचारायला भाग पाडणारा धक्का कोर्टातून आला. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. क्ष-किरणांच्या शोधाला तेव्हा शंभर वर्षं आणि पाच दिवस झाले होते. किरण येऊन शतक उलटलं तेव्हा कुठे ते घेणाऱ्याला कायद्याने तोंड मिळालं. २०१६ मध्ये केंद्राने 'मेरा अस्पताल' ही अभिप्रायाची व्यवस्था आणली, २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या १७ हक्कांची सनद मांडली.

कॅन्सरसाठी खास प्रश्नावली युरोपातल्या ईओआरटीसी या संशोधन संस्थेने घडवली. तिची पहिली, ३२ प्रश्नांची आवृत्ती वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णांसाठी होती. शेक घेणारा रुग्ण मात्र बहुतेक वेळा दाखल नसतो. तो रोज येतो आणि रोज जातो. म्हणून बाह्यरुग्णांसाठी वेगळे प्रश्न करावे लागले. ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडचे पुष्कळ फॉर्म अजून वॉर्डाच्या साच्यातलेच आहेत: चादर बदलली का, जेवण गरम होतं का. मावशीने तिथे एकदाही जेवण घेतलं नाही. तिला विचारायला हवं होतं ते वेगळं: मशीन बंद पडल्यावर कोणी फोन केला का? तोंड आल्यावर काय खायचं ते कोणत्या आठवड्यात सांगितलं? नेमासाठी मानेवर काढलेल्या खुणा पुसल्या गेल्या तर काय करायचं, हे कळलं होतं का? डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये मधे खंड पडणं बरं नसतं, उरलेल्या पेशी तेवढ्यात वाढतात, हे डॉक्टर सांगतात. मग बंद मशीनचा निरोप हा सौजन्याचा मुद्दा उरत नाही, तो उपचाराचाच भाग होतो.

आणि भाषा. फॉर्म शुद्ध मराठीत. बागलाण-मालेगावकडची आजी अहिराणीत बोलते, सुरगाण्याची बाई घरी कोकणी बोलते, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींची बोली. 'आपणांस पुरेशी माहिती प्रदान करण्यात आली काय?' हे वाक्य भाच्याने वाचायचं आणि भाच्यानेच उत्तर द्यायचं, असंच होतं. शिवाय फॉर्म देणारी व्यक्ती समोर उभी, पुढच्या तपासणीला पुन्हा तिथेच यायचं. कोण 'असमाधानी' लिहील?

दरम्यान, त्या 'रोज'लाच कात्री लागते आहे. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी पाच आठवडे, पंचवीस शेक ही रीत होती. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं की तीन आठवड्यांत पंधरा शेक दिले तरी परिणाम तितकाच राहतो. २०२० मध्ये आणखी एका चाचणीने तो आकडा निवडक रुग्णांसाठी एका आठवड्यावर, पाच शेकांवर आणला. प्रत्येक शेकाची मात्रा थोडी मोठी, एकूण फेऱ्या कमी. सगळ्या कॅन्सरना हे लागू नाही. मावशीच्या घशाला नव्हतं.

आमच्या शेजारी बाकावर सुरगाण्याकडची एक बाई बसायची, तिचे पंधरा होते. पहाटेच्या एसटीने निघायची, सोबत कधी लेक, कधी कुणीच नाही. अर्ध्या तिकिटात येते म्हणून परवडतं, असं ती म्हणायची. नंबर उशिरा लागला की मात्र तिची नजर घड्याळावर असायची. तिचा पंधरावा शेक झाला त्या दिवशी मावशीने तिला खडीसाखर दिली आणि म्हणाली, "काउंटरवर कागद देतात, भरून जा." ती पिशवी उचलत म्हणाली, "नको मावशी, गाडी जाईल," आणि निघाली.