भाड्याच्या घराचा नवीन कायदा आला म्हणे? आधी हे वाचा

"आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही" हा मेसेज तुम्हालाही व्हॉट्सअॅपवर आला असेल. आम्ही भाडेकरार रजिस्टर करून देतो, आमच्या ऑफिसात रोज कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतं की हे खरं का हो, म्हणून एकदाच नीट लिहून देतोय.

दोन महिन्यांचा नियम आहे आदर्श भाडेकरू कायद्यातला. केंद्राने जून २०२१ मध्ये तो मंजूर करून राज्यांकडे पाठवला, पण घरभाडं हा राज्याचा विषय, राज्याने स्वतः कायद्यात आणल्याशिवाय तो तुमच्या घराला लागत नाही. पुण्यात चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठराविक मुदतीपुरतं राहायची परवानगी देणाऱ्या कराराच्या, डिपॉझिटवर मर्यादा नाहीये. किती द्यायचं ते दोघांनी बोलून ठरवा, फक्त ठरलं ते सगळं कागदावर येऊ द्या, रंगकामाचे पैसे कोण देणार इथपासून.

आणि हो, "अकराच महिन्यांचं आहे, नोटरी बास" हे कृपा करून डोक्यातून काढा. वर्षाच्या आतल्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही हे बाकी बऱ्याच ठिकाणी चालतं, आपल्याकडे याच १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्डच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. जबाबदारी घरमालकाची, न केल्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे करार रजिस्टर नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

मागे कोथरूडच्या एक काकू आल्या होत्या, हातात चार घड्या घातलेला नोटरीचा कागद. भाडेकरू म्हणतो पंधरा हजार ठरलेले, काकू म्हणतात अठरा, आणि कागदावर आकडा खोडून वर पेनाने दुसरा लिहिलेला, शेजारी कुणाचीच सही नाही. काकू खऱ्या बोलत होत्या असं आम्हाला आजही वाटतं, पण दाखवायला हातात काय होतं?

पेठेतल्या वाड्यांमधले वर्षानुवर्षं न हललेले जुने भाडेकरू बघून बरेच मालक घर द्यायलाच घाबरतात. ती कुळं वेगळी, लिव्ह अँड लायसन्स वेगळं. इथे मुदत संपली की घर सोडावं लागतं, नाही सोडलं तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्च म्हणाल तर फार नाही. भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, अकरा महिने धरले तर एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, म्हणजे सहाशेच्या आसपास, आणि शहरात रजिस्ट्रेशन फी १,०००. आमची फी वेगळी, ती आधीच सांगतो.

भाडेकरूंनो, रजिस्टर झाल्यावर इंडेक्स टू (रजिस्ट्रेशनचा सरकारी उतारा) आणि कराराची कॉपी मालकाकडून मागून घ्या, एचआरएला (पगारातल्या घरभाडे भत्त्याला), गॅसला, सगळीकडे लागते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायचं काम वेगळं असतं, ते मालकांनी त्याच आठवड्यात उरकून टाकावं.

रजिस्ट्रेशनसाठी आम्ही अंगठा घ्यायचं मशीन घेऊन घरी येतो. दोघांची आणि दोन साक्षीदारांची आधार कार्डं तयार ठेवा, आणि आजी-आजोबांचा अंगठा उमटत नसेल तर कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करून बसवा, घाई नाही, आम्ही थांबतो.