त्लाश्काला

मध्य मेक्सिकोच्या डोंगराळ पठारावरील नाहुआ नगरराज्यांचा संघ. नाहुआत्ल भाषेत अशा राज्याला 'अल्तेपेत्ल' म्हणत : 'आत्ल' म्हणजे पाणी, 'तेपेत्ल' म्हणजे डोंगर. माणसाचे इमान असे ते या पाण्या-डोंगराशी. तेपेतिक्पाक, ओकोतेलूल्को, तिसात्लान आणि कियाविश्त्लान ही संघातील चार प्रमुख राज्ये. प्रत्येकाचा राजा वेगळा, पण युद्ध की तह हे सर्व मिळून ठरवीत. सर्वांवर एकच राजा नाही, हे पाहून स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसला इटलीतील व्हेनिस व जिनोआ ही प्रजासत्ताके आठवली.

तेनोच्तित्लान, तेश्कोको व त्लाकोपान या शेजारच्या नगरराज्यांची युती 1428 च्या सुमारास झाली. ती वाढत गेली तसा त्लाश्कालाला चहूबाजूंनी वेढा पडला. किनाऱ्याकडचा व्यापार तुटला. इथे मीठ नाही आणि थंडीमुळे कापूसही पिकत नाही. बाहेर जाऊन आणायचीही सोय उरली नव्हती. म्हणून लोक अळणी जेवत आणि मॅग्वेच्या (घायपातीच्या) धाग्यांचे कापड वापरीत. कोर्तेसला त्यांनीच हे सांगितले. बळी देण्यासाठी कैदी मिळावेत म्हणून होणाऱ्या ठरवून लढलेल्या लढायांना 'फुलांचे युद्ध' म्हणत. त्याचसाठी त्लाश्काला जिंकायचे राखून ठेवले, असे मेशिका, म्हणजे तेनोच्तित्लानचे लोक, सांगत. पण वर्षानुवर्षे मिठाची कोंडी करणे हे खरे वैरच होते.

सप्टेंबर 1519 मध्ये धाकट्या शिकोतेंकात्लच्या नेतृत्वाखाली त्लाश्कालाच्या लोकांनी कोर्तेसच्या स्पॅनिशांशी निकराने झुंज दिली. मग ओकोतेलूल्कोचा माशिश्कात्सिन तहाच्या बाजूने उभा राहिला आणि संघाने स्पॅनिशांशी मैत्री केली. तेनोच्तित्लान ज्यात वसले होते त्या सरोवरासाठी बांधलेल्या तेरा गलबतांचे लाकूड त्लाश्कालाच्या हमालांनी डोंगर ओलांडून खांद्यावरून नेले. 13 ऑगस्ट 1521 रोजी शहर पडले. त्याआधीच माशिश्कात्सिन देवीच्या साथीत गेला होता आणि शिकोतेंकात्लला कोर्तेसने फाशी दिले होते.

या मैत्रीला पुढे फितुरी म्हटले गेले. तो आरोप अन्यायाचा आहे. तेव्हा 'मेक्सिको' नावाचे राष्ट्रच नव्हते. होते ते आपले अल्तेपेत्ल आणि मीठ अडवणारा शेजारी.

स्पॅनिश अमलातही त्लाश्कालाची नगरसभा टिकली आणि तिची इतिवृत्ते नाहुआत्लमध्येच लिहिली गेली. 1553 च्या एका बैठकीत सभासद कळवळून तक्रार करतात : निवडुंगावरच्या किरमिजी किड्यांच्या रंगाला भाव आला, लोक त्याच्याच मागे लागले आणि मक्याची शेते ओस पडू लागली. 'त्लाश्काला'चा अर्थच मुळी 'मक्याच्या भाकरीचा गाव'.