आधी आठवायचं, मग बघायचं: शाळेच्या स्मृतिचित्रांची पार्श्वभूमी

मुलांना ‘आपली शाळा काढा’ म्हटलं की बहुतेक कागदांवर एकच इमारत उभी राहते: समोरून दिसणारी, मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. ती आठवण नसते, पाठ झालेलं चित्र असतं. त्यापलीकडे कसं जायचं, हा प्रश्न जुना आहे.

पॅरिसमधले कलाशिक्षक ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी १८४८ साली स्मृतिचित्रणावर पुस्तिका काढली. वस्तू न्याहाळायची, नजरेआड करायची आणि मगच काढायची, सुरुवात अगदी सोप्या आकारांपासून, ही त्यांची पद्धत. शिल्पकार रोदँ त्यांचाच विद्यार्थी. पण हा नजरेचा व्यायाम होता. मुलाच्या स्वतःच्या आठवणीला त्यात जागा थोडी. ती कलाशिक्षिका मॅरियन रिचर्डसन यांनी करून दिली. इंग्लंडमधल्या डडली इथे १९१२ पासून त्या मुलींना डोळे मिटायला लावून एखाद्या दृश्याचं वर्णन ऐकवत; मनात जे उमटेल ते मुली रंगवत. १९१७ मध्ये कलासमीक्षक रॉजर फ्राय यांनी ही चित्रं लंडनमध्ये मांडली.

मुलांकडून शाळेची स्मृतिचित्रं काढून घेणाऱ्या आजच्या कार्यशाळेतली आणखी दोन साधनं, घासचित्र आणि आठवणीतला नकाशा, कलावर्गाबाहेरून आली. चित्रकार माक्स अर्न्स्टने १९२५ साली लाकडी फळ्यांवर कागद ठेवून, वरून घासून खालचा पोत उठवणारी घासचित्रं काढली, तर नगररचनाकार केविन लिंचने १९६० च्या पुस्तकासाठी रहिवाशांकडून शहराचे नकाशे आठवणीतून काढून घेतले.

क्रम मात्र चुकवू नये. आधी डोळे मिटून दोन-तीन मिनिटं, प्रश्न नेमके: दाराची कडी हाताला कशी लागते? जिन्यात आवाज कुठे घुमतो? मग ए-३ कागदावर वीसेक मिनिटं शाळेचा आठवणीतला नकाशा, खोडरबराविना. एखाद्याचा व्हरांडा मैदानापेक्षा मोठा आला तर तो तसाच राहू द्यावा. तिथे काय घडलं होतं हे मूल त्यावरूनच सांगू लागतं. फोटो आधी दाखवला की सगळे फोटोच काढतात.

घासचित्रासाठी प्रत्यक्ष जागेवर जायचं ते यानंतर. कागद पातळ हवा, जाड कागदावर खाचा उठत नाहीत. तो चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने बसवावा, नाहीतर सरकून ठसा दुहेरी येतो. मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा, हलक्या हाताने फिरवावा. टोकाने दाबलं की कागद फाटतो. बाकावर कोरलेलं जुनं अक्षर खडूखाली हळूहळू वर येतं, तेव्हा मुलं आपोआप बोलती होतात.