एक नाव, दोन फील्ड: आरपीजी प्रोग्राममधली नावांची टक्कर

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या आयबीएम आय या सर्व्हर यंत्रणेवरचे, आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले प्रोग्राम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. मग एखाद्या फाइलीत नवं फील्ड, म्हणजे माहितीचा नवा रकाना, वाढवलं जातं, आणि महिन्याभराने कुणीतरी विचारतं, "रद्द केलेल्या ऑर्डरी पुन्हा चालू कशा दिसतायत?" असा फोन आला की आम्ही आधी फील्डांची नावं तपासतो.

आरपीजीत दोन फाइलींमध्ये एकाच नावाचं फील्ड असलं, तर मेमरीत दोघांना मिळून जागा एकच. समजा, ऑर्डर फाइलीत ‘स्थिती’ आहे आणि ग्राहक फाइलीतही आहे. प्रोग्रामने ऑर्डर वाचली, ‘स्थिती’त ‘र’ आलं, म्हणजे रद्द. मग ग्राहकाचं नाव हवं म्हणून चेन करून, म्हणजे किल्लीवरून शोधून, ग्राहकाचा रेकॉर्ड आणला. त्याच क्षणी ‘र’ पुसलं जाऊन तिथे ग्राहकाचं ‘च’, म्हणजे चालू, बसतं. पुढे ऑर्डर अपडेट झाली की हेच ‘च’ ऑर्डरमध्ये लिहिलं जातं. प्रोग्राम कुठे अडखळत नाही, जॉब लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदवहीत, ओळ पडत नाही. दोन फील्डांची लांबी किंवा प्रकार वेगळा असता तर कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम चालण्याजोगा करणाऱ्या साधनाने, अडवलं असतं. दोन्ही सारखे असले की तो गप्प राहतो, आणि ‘स्थिती’सारखी फील्ड बहुतेक वेळा सारखीच असतात.

आरपीजी थ्री या जुन्या आवृत्तीत नावाला 6 अक्षरांचीच मर्यादा होती. तरी त्यातली पहिली दोन फाइलीच्या ओळखीसाठी खर्च करायची शिस्त अनेकांनी पाळली, आणि तिने पुष्कळ वाचवलं. आता टेबलं, म्हणजे फाइलीच, एसक्यूएल या डेटाबेस भाषेने बनतात, प्रत्येकात तीच सुटसुटीत नावं येतात, म्हणून टक्कर वाढली आहे.

सर्वांत स्वस्त उपाय प्रीफिक्स. फाइल जाहीर करताना तो लावला की त्या प्रोग्रामपुरती त्या फाइलीच्या सगळ्या फील्डांच्या नावांआधी ओळखीची अक्षरं लागतात. मूळ फाइलीला हात लागत नाही. जुन्या प्रोग्रामात दुरुस्ती करायची असेल तर आम्ही बहुधा इथेच थांबतो.

नव्या कामात मात्र आम्ही क्वालिफाइड डेटा स्ट्रक्चरच वापरतो, म्हणजे फील्डांचा असा गट, ज्यातल्या फील्डाआधी गटाचं नाव लिहावंच लागतं. ही सोय यंत्रणेच्या 2001च्या व्ही5आर1 आवृत्तीपासून आहे. मग ‘ऑर्डर.स्थिती’ आणि ‘ग्राहक.स्थिती’ अशी पूर्ण नावंच लिहावी लागतात आणि जागाही वेगळ्या राहतात. लाइकरेक या कीवर्डने फाइलीच्या रेकॉर्डवरून बनवलेलं स्ट्रक्चर आपोआप क्वालिफाइड असतं. चेन करताना शेवटी त्याचं नाव द्यायचं, की रेकॉर्ड थेट त्यात येतो. व्ही6आर1पासून फाइलही क्वालिफाइड करता येते. तशी केली की स्ट्रक्चरबाहेरची मोकळी फील्ड तयारच होत नाहीत, सगळं वाचणं-लिहिणं स्ट्रक्चरमधूनच होतं. टायपिंग थोडं वाढतं, पण ओळ वाचताच कोणाची स्थिती ते कळतं.

एक कळकळीची विनंती: जुन्या प्रोग्रामात सरसकट क्वालिफाइड लावत सुटू नका. कित्येक प्रोग्राम मेमरीतल्या याच एका सामायिक जागेवर मुद्दाम उभे आहेत. एका फाइलीतून वाचायचं, दुसरीत लिहायचं. नावं तीच, म्हणून फील्डातलं मूल्य ते हलवायची एकही ओळ न लिहिता पोचतं. नावं वेगळी केलीत की दुसऱ्या फाइलीत रिकामी फील्ड जातील. तिथे इव्हॅल-कॉर हा आदेश लागतो. तो दोन स्ट्रक्चरमधली समान नावांची, जुळत्या प्रकारची फील्ड उचलून ठेवतो. न जुळलेली मात्र मागेच राहतात. कंपाइल लिस्टिंगमध्ये, म्हणजे कंपायलरच्या अहवालात, इव्हॅल-कॉरचा वेगळा तक्ता येतो, तो प्रत्येक वेळी वाचा.

फाइलीत नवं फील्ड घालण्याआधी डीएसपीएफएफडी या फील्डांची यादी दाखवणाऱ्या कमांडने लायब्ररीतल्या (फाइली ठेवण्याच्या कप्प्यातल्या) सगळ्या फाइलींची फील्ड एका आउटपुट फाइलीत घ्या आणि ठरवलेलं नाव आधी कुठे आहे का ते शोधा. सापडलं, तर त्या दोन्ही फाइली वापरणाऱ्या प्रोग्रामांची यादी कंपाइल करण्याआधी आमच्याकडे पाठवा.