आशयसूत्र आणि विधान: कादंबरीवर निबंध लिहिण्याआधी

हरी नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’वर निबंध लिहायला सांगितला, की गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडून येणाऱ्या आमच्या पदवीच्या मुलांच्या बऱ्याच वह्या एकाच वाक्याने उघडतात: ‘या कादंबरीत एकोणिसाव्या शतकातील स्त्रीच्या दुःखाचे चित्रण आहे.’ वाक्यात खोटं काही नाही, पण त्यावर चार पानं लिहायला बसलं की तिसऱ्या परिच्छेदापासून नुसतं कथानक सांगणं सुरू होतं. कारण ते कादंबरीचं आशयसूत्र आहे. निबंधाला लागतं विधान.

आशयसूत्र कादंबरीत असतं आणि वाचणाऱ्या सगळ्यांना साधारण सारखंच दिसतं. विधान लिहिणाऱ्याचं असतं: वाद घालता येईल आणि कादंबरीतल्या पुराव्याने पटवता येईल असं त्याचं मत. ते ओळखायचं कसं? आपलं वाक्य शेजारच्या बाकावरच्या मुलीला वाचून दाखवावं. ‘हो, बरोबर’ म्हणून ती गप्प बसली तर ते आशयसूत्र. ‘मला नाही तसं वाटत, तो मुंबईचा भाग आठव,’ असं म्हणून तिने पुस्तक उघडलं, तर विधान हाती लागायला लागलं आहे. ‘कादंबरी हृदयाला भिडते’ हे मात्र दोन्हींत बसत नाही. तो आपला अनुभव झाला. मनापासूनचा असला तरी त्याला पुरावा देता येत नाही.

मुंबईच्या भागापासूनच सुरुवात करू. कादंबरीची नायिका यमू, तिचं सासर कर्मठ. तिचा नवरा रघुनाथराव. ते तिला शिकायला उत्तेजन देतात आणि मुंबईला बिऱ्हाड केल्यावर तिला मोकळा श्वास घेता येतो. पुढे ते वारतात, ती परत सासरच्यांच्या ताब्यात जाते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचं केशवपन केलं जातं. इतकं सुख एका मृत्यूबरोबर पुरतं कसं नाहीसं होतं, हा प्रश्न वाचताना टोचतो, आणि विधान अशा टोचणाऱ्या जागीच सापडतं. पहिला मसुदा असा होईल: ‘सुधारक नवरा हा स्त्रीच्या प्रश्नावरचा उपाय नाही, हे कादंबरी दाखवते, कारण त्याने दिलेलं स्वातंत्र्य त्याच्या हयातीपुरतंच टिकतं.’

यावर कोणीही वाद घालील. आपट्यांनी रघुनाथराव आदर्श म्हणूनच रंगवले आहेत, असं म्हणील. घालू द्यावा. पण त्याहून मोठा आक्षेप कादंबरीच्या घडणीतच आहे: ही सगळी हकीकत यमू स्वतः लिहिते आहे. बिऱ्हाड गेलं, केस गेले, पण लिहिणं उरलं. मग ‘हयातीपुरतंच’ हा शब्द टिकत नाही. विधान सुधारावं लागतं: ‘नवऱ्याने दिलेलं घर यमूकडून हिरावलं जातं, शिक्षण मात्र हिरावता येत नाही, म्हणून तिची आत्मकथा हाच कादंबरीतला तिचा एकमेव प्रतिकार ठरतो.’ मला हे दुसरं विधान कितीतरी सरस वाटतं, कारण त्याने कथेबरोबर निवेदनाचाही विचार करायला भाग पाडलं. ‘एकमेव’ शब्दावर अजूनही भांडता येईल. त्या भांडणातच निबंधाचा मधला भाग मिळतो.

आपल्याकडची मुलं इथे घरातल्या गोष्टी आणतात. आजीने पाहिलेल्या सोवळ्या, म्हणजे केशवपन केलेल्या विधवा बायका, देवळांच्या आवारातली भाविणींची, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या बायकांची घरं. त्या जरूर आठवाव्यात, कादंबरी त्यांच्यामुळे जवळची होते. पण पुरावा म्हणून त्या चालत नाहीत. यमूचं जग ब्रिटिश अमदानीतल्या पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण कुटुंबांचं आहे आणि गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. विधान कादंबरीबद्दल असेल तर त्याला आधार कादंबरीच्याच पानांचा हवा. आणि ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली ही कादंबरी ऐसपैस आहे, तेव्हा पानं कमी पडायची नाहीत. चवथीच्या सुट्टीआधी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात एक दुपार बसून मुंबईचा आणि वैधव्यानंतरचा भाग लागोपाठ वाचावा, पृष्ठक्रमांक टिपून ठेवावेत.

निबंध पुरा झाला की पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा. लिहिता लिहिता विधान हललेलं असतं, आणि जुनं वाक्य तसंच राहिलं तर सुरुवात एक म्हणते आणि शेवट दुसरंच.