खाऱ्या हवेतील घरगुती एसीची निगा

समुद्राजवळच्या घरांतील एसीचे, विशेषतः स्प्लिट एसीच्या आउटडोअर युनिटचे, हवेतल्या मिठापासून रक्षण व्हावे म्हणून नियमित केली जाणारी धुलाई, तपासणी आणि दुरुस्ती. यात गोड्या पाण्याने वेळच्या वेळी धुणे सर्वांत महत्त्वाचे. कोटिंग कितीही चांगले असले तरी धुण्यावाचून सुटका नाही.

लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतात. पहिल्या काहीशे मीटरांत मिठाचा मारा सर्वाधिक असतो आणि पुढे तो झपाट्याने घटतो. वारा जोराचा आणि वाट मोकळी असली तर मात्र मीठ काही किलोमीटर आतही पोचते. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते. सागरी मिठातले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलावते. त्यामुळे कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही कॉइलवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर) खाऱ्या पाण्याचा पातळ थर असू शकतो. कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फिन, म्हणजे पातळ पट्ट्या, एकमेकांना घट्ट लागून असतात. मध्ये खारे पाणी आले की तिथे एक छोटा विद्युतघटच तयार होतो. या जोडीत तांबे वाचते आणि अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते. फिनची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर असल्याने खायला फारसे काही नसतेच.

फिनवर बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली, तर ती पाण्यात टाकून पाहावी. विरघळली तर मीठ, म्हणजे अजून वेळ आहे. विरघळली नाही तर ते अ‍ॅल्युमिनियमचे गंजलेले रूप.

फिन नळीला जिथे धरून असते तिथे झीज सुरू झाली, की गॅस पूर्ण असूनही थंडावा कमी होतो. उष्णता बाहेर टाकली जात नाही, दाब चढतो आणि कॉम्प्रेसर जास्त अँपिअर ओढतो. पुष्कळदा इथे ‘गॅस कमी झालाय’ असे निदान होते, वरून गॅस भरला जातो आणि आधीच चढलेला दाब आणखी चढतो. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, एसीत क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारे यंत्र) लावून हा घोटाळा टाळता येतो: गॅस कमी असेल तर करंट सहसा युनिटच्या प्लेटवर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी येतो, कॉइल तुंबलेली किंवा खाल्लेली असेल तर जास्त. इन्व्हर्टर मशीन वेग स्वतःच बदलत असल्याने तिथे दाब आणि तापमान पाहूनच ठरवावे लागते.

धुताना आधी मेन स्विच बंद करून किमान १० मिनिटे थांबावे, म्हणजे कपॅसिटरमधला भार उतरतो. इथे एक चूक सर्रास होते. बहुतेक युनिटांत कॉइल मागे आणि एका बाजूला असते, पंखा पुढे. हवा मागून आत येते, म्हणजे मीठही मागेच बसते. समोरची जाळी धुऊन युनिट चकचकीत दिसते, पण भिंतीकडची कॉइल तशीच राहते. वाकड्या नोझलने मागून, फिनच्या रेषेत, वरून खाली पाणी मारावे. वरचे झाकण काढून आतून बाहेर मारता आले तर उत्तम. मात्र त्यासाठी पीसीबीचा (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा) डबा प्लास्टिकने नीट झाकावा लागतो, म्हणून ते काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे. दाब बागेच्या पाइपाइतकाच ठेवावा. प्रेशर वॉशरने फिन वाकतात आणि हवेची वाट बंद होते. अ‍ॅसिड किंवा कॉस्टिकचे क्लीनर वापरल्यास मिठाचे उरलेले काम तेच पुरे करतात. पाणी चाखून पाहावे. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचे पाणी अनेकदा मचूळ असते, आणि आरओचे वाया जाणारे पाणीही क्षारांनी भरलेले असते, दोन्ही टाळावीत.

समुद्र समोर दिसत असेल तर महिन्यातून एकदा, काही किलोमीटर आत असेल तर तीन महिन्यांतून एकदा धुणे हा चांगला शिरस्ता आहे. वादळ किंवा सलग जोराचा वारा येऊन गेल्यावर लगेच धुवावे, आणि हंगाम संपून एसी बंद ठेवण्याआधीही. प्लास्टिकचे घट्ट कव्हर घालू नये. आत ओल कोंडते.

जागा निवडताना वाऱ्याचा आडोसा हवा, पावसाचा नको. सज्जाखाली, कोपऱ्यात दडवलेले युनिट सुरक्षित वाटते, पण पाऊस त्याचे मीठ कधीच धूत नाही. उघड्यावरच्या युनिटपेक्षा ते लवकर गंजलेले आढळू शकते.

निळ्या किंवा सोनेरी फिनवरचा थर सहसा पत्रा कापण्याआधी दिलेला असतो, त्यामुळे कापलेल्या कडा उघड्या राहतात आणि गंज तिथून शिरतो. तयार कॉइल बुडवून दिलेले इपॉक्सी ई-कोटिंग कडाही झाकते. किनाऱ्यावर तेच मागावे. जाहिरातीत सॉल्ट स्प्रे चाचणीचे तास दिलेले असतात. ही चाचणी ५ टक्के मिठाच्या द्रावणाचे तुषार ३५ अंश सेल्सियसला मारून होते. दोन कोटिंगची तुलना करायला ती बरी, पण त्या तासांवरून वर्षे मोजता येत नाहीत.

स्टँड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा दिलेला) आणि नटबोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. रंग उडालेल्या जागी गंज खरवडून झिंक प्रायमर लावावा. तळाच्या पत्र्याची भोके कचऱ्याने बुजली की खारे पाणी साचते आणि पत्रा आतून सडतो. तार जोडण्याचे टर्मिनल हिरवट किंवा काळे पडले असेल तर तिथला रोध वाढून तार तापते. ते बदलावे, नुसते घासून पुन्हा कसू नये.

इनडोअर कॉइलला हा त्रास कमी, कारण तिच्यावर जमणारे पाणी मीठही वाहून नेते. खिडक्या उघड्या ठेवून एसी चालवला तर मात्र ओल आणि मीठ दोन्ही आत येतात. फिल्टर दोन आठवड्यांनी धुवावा. इनडोअर तांब्याला अतिसूक्ष्म भोके पडून गळती झाली, तर दोष मिठाचाच असतो असे नाही; फर्निचर आणि रंगातून सुटणारी फॉर्मिक व अ‍ॅसिटिक आम्लेही तांबे मुंग्यांच्या वारुळासारखे पोखरतात. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या फेसाने गळती शोधून ती बंद केल्याशिवाय नवा गॅस भरू नये.